यंत्रालाही कसोटी लावा



वैद्यकीय चर्चासत्रांत हल्ली क्लिनिकल ट्रायल आणि मशीन लर्निंग हे विषय एकाच मांडवात येतात. पडद्यावर अचूकतेचे आकडे झळकतात, टाळ्या पडतात. माझी शंका तिथूनच सुरू होते.

१९९०च्या दशकात अमेरिकेत, पिट्सबर्गच्या संशोधकांनी न्यूमोनियाच्या रुग्णांच्या नोंदी संगणकाला शिकवल्या. कोणाच्या जिवाला धोका जास्त, एवढेच त्याने सांगायचे होते. एका पद्धतीने भलताच नियम काढला: दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला, तर धोका कमी! नोंदी खोट्या नव्हत्या. दमेकरी आला की त्याला थेट अतिदक्षता विभागात हलवत, उपचार जोरात होत, म्हणून तो वाचे. ही धावपळ यंत्राला कुठून कळणार? त्याच्या सल्ल्याने दमेकऱ्याला घरी पाठवले असते तर? तपासलेल्या पद्धतींपैकी सर्वांत अचूक ठरलेले न्यूरल नेटवर्कही मग रुग्णांसाठी वापरले नाही. त्याने आणखी काय शिकून ठेवलेय ते पाहता येत नव्हते. फार शहाणपणाचा निर्णय.

औषधाला लावतो तीच कसोटी, म्हणजे क्लिनिकल ट्रायल, यंत्राला लावावी. स्वीडनमध्ये ती लावली. मॅमोग्राफीसाठी आलेल्या ८० हजारांवर स्त्रियांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. एका गटाचे फोटो रिवाजाप्रमाणे दोन-दोन रेडिओलॉजिस्टनी पाहिले. दुसऱ्या गटात आधी यंत्राने प्रत्येक फोटोला कर्करोगाच्या धोक्याचे १ ते १० गुण दिले. १० गुणांचे फोटो दोघांकडे, बाकीचे एकाकडे. २०२३ साली पहिले निष्कर्ष आले. रिवाजाच्या गटात २०३ कर्करोग सापडले, यंत्राच्या गटात २४४. निरोगी बाईला उगीच परत बोलावण्याचे प्रमाण वाढले नाही आणि फोटो पाहण्याचे काम ४४ टक्क्यांनी घटले.

हे आकडे उचलून इकडे चिकटवता येणार नाहीत. आपल्याकडे सरसकट मॅमोग्राफीची मोहीम नाही, आणि तालुक्याच्या गावी दोन सोडा, एक रेडिओलॉजिस्ट मिळायची मारामार. इथल्या बायकांवर, इथल्याच दवाखान्यांत चाचणी व्हायला हवी.

औषधांच्या चाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’त करणे २००९ सालापासून सक्तीचे आहे, ती कोणालाही पाहता येते. यंत्राच्या चाचण्याही तिथे नोंदवता येतात. तेव्हा तरुण डॉक्टरांनो, पुढच्या चर्चासत्रात अचूकतेचा आकडा झळकला की हात वर करा आणि विचारा: चाचणी कोणत्या रुग्णांवर झाली, आणि तिचा नोंदणी क्रमांक काय?