पेटीतला ऊद



आज मला अब्दुलरझाक गुर्ना या कादंबरीकाराबद्दल बोलायचं आहे.

जन्म १९४८ सालचा, पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटाचा. १९६४च्या क्रांतीनंतर तिथे अरब वंशाच्या लोकांचा छळ सुरू झाला. काही वर्षांनी हा कोवळा तरुण देश सोडून इंग्लंडला पोहोचला. इस्पितळात पडेल ते काम करत त्याने शिक्षण घेतलं. पुढे केंट विद्यापीठात प्राध्यापक होऊन सोयिंका, न्गुगी, रश्दी हे लेखक शिकवले आणि स्वतः देशोधडीला लागलेल्यांच्या कादंबऱ्या लिहिल्या. २०२१ साली त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं.

त्यांची २००१ सालची ‘बाय द सी’ ही कादंबरी तुम्ही जरूर वाचा. पासष्टीचा सालेह ओमर इंग्लंडमध्ये आश्रय मागायला गॅटविक विमानतळावर उतरतो. पासपोर्ट दुसऱ्याच्या नावाचा. इंग्रजी चांगलं येतं, पण ते येत नाही असं भासवायचा सल्ला त्याला मिळालेला. अधिकारी त्याची बॅग उपसतो. आत महोगनीची छोटी पेटी, पेटीत सुगंधी ऊद. मोसमी वाऱ्यांवर झांझिबारला येणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून मिळालेला. म्हाताऱ्याच्या साऱ्या गतायुष्याचा दरवळ त्या पेटीत आहे. अधिकारी ती काढून घेतो. वर त्याला ऐकवतो, की माझे आईवडीलही रुमानियातून आलेले निर्वासित, पण ते युरोपीय, म्हणजे घरचेच; तुझं इथे काय काम?

हे वाचताना माझ्या काळजात चर्र झालं. निर्वासितांच्या पोटी जन्मलेला माणूस दुसऱ्या निर्वासितासाठी दार लावून घेतो! गुर्ना त्याला खलपुरुष करत नाहीत. फक्त त्या म्हाताऱ्याला पुढे पुस्तकभर बोलू देतात. त्याचं घर, त्याचं फर्निचरचं दुकान, त्याच्या हातून घडलेले अन्याय, त्याने भोगलेला तुरुंग, सगळं कळतं. मग तो आपल्याला नुसता ‘बाहेरचा’ वाटूच शकत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या पुण्यातही आफ्रिकी देशांतून मुलं शिकायला येतात. खोली भाड्याने मागायला गेली की त्यांच्याकडे कोणत्या नजरेनं पाहिलं जातं, हे मी पाहिलं आहे. उद्या तुमच्यातलेही अनेक जण परदेशी जाल, परक्या दारात उभे राहाल. म्हणून आजच कॅन्टीनमध्ये या आफ्रिकी मुलांच्या टेबलाशी जाऊन बसा. घरी कोण असतं, सणाला काय शिजतं, विचारा आणि निवांत ऐका. जमलं तर लिहा. तुमच्या पुढच्या वार्षिक अंकात अशी एक तरी गोष्ट मला वाचायची आहे.