न्हावा शेवाची वाट कोण राखतं?

आज जुन्नर-आंबेगावातून थेट समुद्रावर जाऊ. आपल्याकडं समुद्र कुठाय म्हणता? सांगतो.

नारायणगावची द्राक्षं परदेशी निघतात ती कंटेनरमधून, न्हावा शेवा बंदरातून. पण तिथून मोठं जहाज वाट्टेल तसं बाहेर पडू शकत नाही. खाडी उथळ आहे. गाळ उपसून त्यात एक खोल रस्ता केलाय. त्याच्या कडा दाखवतात ते तरंगते बोये. बंदरात शिरताना डावीकडं लाल, उजवीकडं हिरवे. युरोपातही हाच नियम. अमेरिकेत मात्र उलटा.

बोया वरून दिसतो तेवढाच नसतो. खाली जाड साखळी, तळाशी काँक्रीटचा नाहीतर लोखंडाचा वजनदार ठोकळा. साखळी घासून घासून झिजते. अंगावर शेवाळ-शिंपले चढतात. पक्ष्यांच्या शिटीनं सोलर पॅनल झाकतं. वादळात बोया सरकतो, कधी तुटून वाहूनही जातो. आणि सरकलेला बोया हा नसलेल्या बोयापेक्षा वाईट, कारण कप्तान त्याच्यावर विश्वास ठेवतो!

म्हणून खास जहाजं असतात. बंदराच्या हद्दीतले बोये बंदर सांभाळतं. बाहेरचं काम केंद्राच्या दीपस्तंभ आणि दीपपोत महासंचालनालयाकडं. त्यांच्या ताफ्यातलं एक जहाज म्हणजे ‘सागरदीप-२’.

अशा जहाजावर मोकळा डेक आणि मोठी क्रेन लागते. बोया उचलायचा, खरवडायचा, साखळीची जाडी मोजायची, दिवा-बॅटरी तपासायची, मग नेमक्या जागी परत सोडायचा. नव्या जहाजांत संगणक आडव्या पंख्यांच्या मदतीनं जहाज एका जागी धरून ठेवतो. तरी डेकवर माणूस लागतोच. ताणलेली साखळी सुटली तर जिवावर बेततं.

‘जीपीएस असताना बोये कशाला?’ असं वाटेल. पण जीपीएसचा सिग्नल अडवता येतो, खोटाही पाठवता येतो. डोळ्यांना दिसणारा बोया ही दुसरी खात्री.

हे काम जुनंच आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणहून नाणेघाट चढून माल जुन्नरला यायचा. त्याच काळातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो, की भडोचला राजाच्या चाकरीतले कोळी होड्या घेऊन पुढं जायचे आणि परदेशी जहाजांना उथळ पाण्यातून आत आणायचे. आज ती वाट बोये दाखवतात, आणि बोयांना जागेवर ठेवतात ती ही जहाजं.

तुमच्या घरचा माल बंदरातून जातो का? कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!