वाळूतली वाट आणि पाण्याचे मालक



कामगार चळवळीतला माणूस वाळवंटातल्या मोटारप्रवासावर बोलणार, याचे काहींना नवल वाटले असेल. पण रस्ता म्हटला की तो कोणाच्या कष्टावर उभा राहिला हे विचारायची आम्हाला सवयच जडली आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियात विलुना ते हॉल्स क्रीक अशी सुमारे १८५० किलोमीटरची वाट आहे. नाव कॅनिंग स्टॉक रूट. वाटेत वाळूच्या टेकड्या नऊशेच्या आसपास! तिथे इंजिनाची ताकद चारही चाकांना पोहोचवणारी गाडीच हवी. दोनच चाकांवर सारी भिस्त ठेवली, तर ती वाळू उकरत जागीच रुततात. टायरमधली हवाही कमी करावी लागते. मऊ टायर वाळूवर पसरतो, भार वाटला जातो आणि गाडी वर चढते. भार वाटून घेतला की गाडा निघतो, हे आम्ही युनियनच्या सभेत नेहमी सांगतो; वाळवंटही तेच सांगते. टेकडीपलीकडची गाडी दिसत नाही, म्हणून गाडीला उंच काठी लावून तिच्यावर निशाण बांधतात. निशाण कशाला हवे, असे आम्हाला विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता वाटेचा इतिहास पाहू. किंबर्लीची गुरे दक्षिणेच्या सोन्याच्या खाणींकडे आणावी, तिथले मांस स्वस्त व्हावे, हा हेतू. सरकारी मोजणीदार आल्फ्रेड कॅनिंग याने १९०६-०७ साली वाट आखली आणि १९०८ ते १९१० या काळात तिच्यावर विहिरी बांधल्या. पण पाणी सापडले कसे? तिथल्या मूळ रहिवाशांना पकडून, साखळदंड घालून, त्यांच्याकडून झरे दाखवून घेतले! तुकडीतल्या स्वयंपाक्याने याविरुद्ध तक्रार केली. १९०८ साली चौकशी आयोग बसला आणि कॅनिंग निर्दोष ठरला. त्या स्वयंपाक्याला आम्ही आमच्यातलाच समजतो.

खाणकामगाराचे मांस स्वस्त व्हावे, ही मागणी चुकीची कोण म्हणेल? पण एका कष्टकऱ्याच्या ताटासाठी दुसऱ्याचे पाणी हिरावले गेले. हा पेच आपल्या चळवळीने टाळता कामा नये.

त्याच पश्चिम ऑस्ट्रेलियात, पिलबरा भागात, १ मे १९४६ रोजी मूळ रहिवासी गुराख्यांनी संप पुकारला. अनेकांना अक्षरओळख नव्हती. संपाचा दिवस कळावा म्हणून खुणा केलेली कॅलेंडरे गोठ्यागोठ्यांतून फिरवली होती. संप तीन वर्षे चालला. आम्ही स्वतः शाळेत फार शिकलो नाही, म्हणून ही कॅलेंडरे आम्हाला मोठ्या ग्रंथांइतकी मोलाची वाटतात.

वाटेवरून गुरांचा शेवटचा कळप १९५९ साली गेला. १९६८ साली मोटारींनी प्रथमच ती वाट संपूर्ण पार केली. २००२ साली न्यायालयाने मार्टू लोकांचा तिथल्या विस्तीर्ण भूमीवरचा हक्क मान्य केला. आता प्रवाशाला वाळवंटात शिरण्यापूर्वी भूमीच्या मालकांकडे परवाना मागावा लागतो.

काही हौशी प्रवाशांना ही कटकट वाटते. आम्हाला मात्र त्या सबंध वाटेवरची तीच सर्वांत पक्की विहीर वाटते. ज्याचे पाणी, त्याला आधी विचारावे. एवढे माणसाने शिकायला तिथे जवळजवळ शंभर वर्षे लागली.