हस्तिदंती पायांची टेबले

(जालना येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



1938 साली इटलीतल्या पाँपेई या गाडल्या गेलेल्या शहरात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. उंची सुमारे 25 सेंटिमीटर. गळ्यात हार, कमरेला मेखला, हातापायांत भरगच्च कडी आणि दोन्ही बाजूंना शृंगाराचे साहित्य घेतलेल्या दासी. घडण अस्सल भारतीय. पाँपेई इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेले, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोचली होती. तिच्या डोक्यात उभे भोक आहे. त्यावरून ती आरशाची मूठ किंवा टेबलाचा पाय असावी, असा तर्क करतात.

पुढे 1973 मध्ये आपल्या भोकरदनला उत्खनन झाले, तेव्हा तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती खंडित अवस्थेत हाती आली. भोकरदन म्हणजे सातवाहनांच्या काळातले भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरच्या दानलेखांत या गावाचे नाव कोरलेले आहे. पाँपेईची मूर्ती भोकरदनलाच घडली असे काही अभ्यासक म्हणतात, काहींना ते मान्य नाही. पण पैठण आणि तेरचा माल भडोचच्या बंदरातून पश्चिमेला जाई, हे त्या काळच्या एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथातच लिहिलेले आहे. हिंदुस्थान, चीन आणि अरबस्तान मिळून आपले दरसाल दहा कोटी सेस्टर्स नाणे ओढून नेतात, अशी प्लिनीची तक्रार होती. हा प्लिनी त्याच ज्वालामुखीच्या उद्रेकात गेला.

आता त्याच शतकातला सेनेका घ्या. रोमचा सर्वांत नावाजलेला तत्त्वज्ञ, नीरो बादशहाचा गुरू. साधेपणावर त्याने जितके लिहिले तितके क्वचितच कुणी लिहिले असेल. आणि डिओ कॅसियस हा इतिहासकार सांगतो की त्याच्या घरी एकसारखी पाचशे टेबले होती, पाय हस्तिदंताचे!

हा विरोध नीट पाहिला की ग्रीक-रोमन तत्त्वज्ञानाचा गाभा हाती लागतो. तिथे तत्त्वज्ञान ही जगण्याची तालीम मानली जाई, आणि तिचा पहिला प्रश्न होता: माणसाला किती पुरे? अथेन्सच्या बाजारात मांडलेला माल पाहून सॉक्रेटिसला, आपल्याला ज्यांची गरजच नाही अशा किती गोष्टी इथे आहेत, याचे नवल वाटे. एपिक्युरसला आपण चैनीचा पुरस्कर्ता समजतो. हा त्याच्यावर अन्याय आहे. मित्राने चीजचे एक लहान मडके पाठवले तर मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल, असे त्याने कळवले होते. नैसर्गिक आणि आवश्यक, नैसर्गिक पण अनावश्यक, आणि निव्वळ पोकळ, अशी त्याने इच्छांची वर्गवारी केली. पोकळ इच्छांना अंत नसतो, म्हणून दुःख तिथून येते, हे त्याचे निदान.

सेनेकाच्या स्टोइक पंथाचे म्हणणे वेगळे. पैसा चांगलाही नाही, वाईटही नाही. चांगला-वाईट असतो तो माणसाचा विवेक. पैसा असावा, पण गेला तर मन ढळू नये. बोलायला सोपे! सेनेकाला लोकांनी तोंडावर दांभिक म्हटले. त्याचे उत्तर असे की मी अजून शहाणा झालेलो नाही, बोलतो ते सद्गुणाविषयी, स्वतःविषयी नव्हे. मला हे उत्तर अपुरे वाटते; ब्रिटनमध्ये त्याने व्याजाने लावलेल्या रकमांची हकिगतही डिओनेच दिली आहे. तरी त्याची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. आपली सगळी संपत्ती परत घे, असे त्याने नीरोला विनवले. नीरोने नकार दिला आणि इसवी सन 65 मध्ये त्याला मरणाची आज्ञा पाठवली.

आयुष्याच्या अखेरीला त्याने लुसिलियस या मित्राला लिहिलेली 124 पत्रे आज उपलब्ध आहेत. हा लुसिलियस पाँपेईचाच. अठराव्या पत्रात डिसेंबरचा सण आहे, सगळे रोम खाण्यापिण्यात दंग आहे, आणि सेनेका सांगतो की काही दिवस मुद्दाम जाडेभरडे नेस, स्वस्तातले अन्न खा, आणि ज्याची आजवर धास्ती घेतली ते हेच का, असे स्वतःला विचार. रात्री दिवा हलवला की तो दिवसभराच्या वागण्याचा झाडा घेई. बायकोला सवय माहीत होती, ती गप्प राही. मनाशी असे बोलणे आपल्याला परके नाही. आपल्याच घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत जन्मलेल्या समर्थांनी मनालाच उद्देशून श्लोक रचले.

जालन्यात पैसा आहे, आणि याच जिल्ह्यात पावसाने ओढ दिली की कोरडी पडणारी शिवारेही आहेत. सध्या लग्नसराई चालू आहे. ज्यांच्या घरी कार्य आहे आणि खर्चासाठी उसनवारी करायची आहे, त्यांना माझी विनंती आहे की आधी चार दिवस सेनेकाचा प्रयोग करा, मग यादीला हात घाला.

उद्या याच वेळी एपिक्टेटसविषयी बोलू. तो गुलाम होता आणि पुढे मोठमोठे रोमन त्याच्यापुढे शिकायला बसले. येताना घरातल्या मुलामुलींना घेऊन या. त्यांचे प्रश्न मला ऐकायचे आहेत.