झडती आधी स्वतःच्या घराची

(मनोरी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मार्व्याची खाडी ओलांडून मनोरीत उतरले की महाराष्ट्राच्या धार्मिक इतिहासाचे अनेक थर एकाच बेटावर पाहावयास मिळतात. येथे कोळी-भंडाऱ्यांची देवळे आहेत, ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची चर्चे आणि वाटेवाटेवरचे क्रूस आहेत. गोराईजवळ २००९ साली खुला झालेला विपश्यनेचा पॅगोडा आहे. आणि बेटाच्या उत्तर टोकाला, १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजांनी पोर्तुगीजांकडून घेतलेल्या धारावीच्या ठाण्याचा परिसर आहे. या भूमीवर कोणी कोणावर जुलूम केला, हा प्रश्न म्हणूनच केवळ पुस्तकी नाही. तो कसा विचारला जातो आणि विचारणाऱ्याचा हेतू काय असतो, यावर येथल्या शेजाऱ्याशेजाऱ्यांचे संबंध अवलंबून आहेत.

अलीकडे हा प्रश्न विचारण्याचा मक्ता धर्मगुरूंनी घेतला आहे. आपल्या अनुयायांना सन्मार्ग दाखवण्यापेक्षा परधर्माच्या पापांची यादी वाचून दाखवणे त्यांना अधिक सोयीचे वाटते. मुंबईत १९९१ साली स्थापन झालेल्या इस्लामिक रिसर्च फाउंडेशनचे प्रवर्तक झाकीर नाईक यांनी प्रचंड सभांतून इतर धर्म कसे उणे आहेत हे सांगण्याचा सपाटा लावला होता; २०१६ मध्ये केंद्र सरकारने ही संस्था बेकायदा ठरवली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सरला बेटाचे महंत रामगिरी महाराज यांनी सिन्नर तालुक्यातील एका प्रवचनात पैगंबरांविषयी केलेल्या विधानांवरून राज्यात ठिकठिकाणी गुन्हे नोंदले गेले आणि तणाव निर्माण झाला. दोघांचे धर्म वेगळे, परंतु रीत एकच: झडती घ्यायची ती नेहमी दुसऱ्याच्या घराची.

ही रीत नवी नाही. १८२९ साली मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांचा १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांच्याशी जाहीर वाद झाला. दांडेकरांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली. विल्सन यांनी पुढच्याच वर्षी तिला उत्तर छापले. पुराणातील देवांच्या कथा नीतीला धरून नाहीत, हे विल्सन यांनी विस्ताराने दाखवले. परंतु त्यांच्याच स्कॉटलंडमध्ये, एडिंबरा येथे, १६९७ साली थॉमस एकनहेड या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला धर्मनिंदेच्या आरोपावरून फासावर चढवण्यात आले होते आणि तेथील धर्मोपदेशकांनी त्याच्यासाठी दया मागण्याऐवजी शिक्षेची अंमलबजावणी मागितली होती. इतकेच नव्हे, तर हा वाद चालू असताना ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी कायदेशीर होती. ती रद्द करणारा कायदा १८३३ साली झाला. दुसऱ्या बाजूची स्थिती काय होती? बंगालमध्ये सतीबंदीचा कायदा होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती, आणि गावोगावच्या पाणवठ्यावर अस्पृश्याला पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती. पादरी पुराणांवर बोलत होते, शास्त्री बायबलवर बोलत होते. गुलाम, विधवा आणि अस्पृश्य यांच्याविषयी आपापल्या धर्मपीठाला जाब विचारण्याची गरज दोघांनाही भासली नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. परधर्मावर टीका करूच नये, असे समाजवाद्यांचे म्हणणे नाही. धर्माची चिकित्सा हा मनुष्याचा हक्क आहे आणि तो स्वधर्मीयांपुरता मर्यादित करता येणार नाही. प्रश्न टीकेचा नसून मापाचा आहे. ज्या मापाने दुसऱ्याचा इतिहास मोजायचा, त्याच मापाने आपलाही मोजला पाहिजे. धर्मगुरूंची खतावणी मात्र एकतर्फी असते. दुसऱ्याच्या खात्यावर प्रत्येक तलवार, प्रत्येक पाडलेले देऊळ, प्रत्येक जाळलेला ग्रंथ मांडला जातो. आपल्या खात्यावर केवळ संत, दाते आणि हुतात्मे.

आपल्या परिसराचेच उदाहरण घेऊ. १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे आली. सोळाव्या शतकातच बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर या शैव लेण्याचे चर्च झाले आणि त्याच्यावर फ्रान्सिस्कन पंथीयांचा मठ उभा राहिला. गोव्यात १५६० साली सुरू झालेले धर्मन्यायासन, म्हणजेच इन्क्विझिशन, मधली काही वर्षे वगळता १८१२ पर्यंत चालले, आणि त्याची सत्ता उत्तरेच्या या मुलखापर्यंत पोहोचत होती. हा इतिहास कोणत्याही ख्रिस्ती धर्मगुरूला झाकता येणार नाही. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे.

परंतु या न्यायासनापुढे उभे केले जात होते ते कोण? मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेली माणसेच. पूर्वीच्या चालीरीती चोरून पाळतात या संशयावरून नवख्रिस्त्यांना पकडले जाई. म्हणजे या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती कोळ्याचे किंवा शेतकऱ्याचे पूर्वज धर्मन्यायासनाचे न्यायाधीश नव्हते. झालेच असतील तर ते त्याचे बळी होते. आज त्यांच्या वंशजांना ‘इन्क्विझिशनचे वारस’ म्हणून हिणवणे म्हणजे बळी पडलेल्याच्या नातवाकडून दंड वसूल करणे होय. साष्टीतील अनेक गावांचा महसूल जेझुइट आणि इतर धर्मसंघांकडे जात होता, ही गोष्ट येथे विसरू नये. जुलमाचा लाभ कोणाच्या कोठारात पडला, हे पाहिले की जुलमाचा कर्ता ओळखता येतो. धर्म बदलला तरी कुळाचा सारा चुकला नाही.

हेच माप आपल्याकडे वळवू. वसई पडल्यावर शरणागतीच्या करारात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला उपासनेची मोकळीक देण्यात आली, ही मराठ्यांना भूषणावह गोष्ट आहे. ती अवश्य सांगावी. पण त्याच मराठी फौजांबरोबरच्या लोकांनी १७९१ साली शृंगेरीचा शारदापीठ मठ लुटला आणि त्या मठाला पुन्हा उभे राहण्यासाठी मदत धाडली ती टिपू सुलतानाने, हेही सांगितले पाहिजे. ज्या टिपूने कूर्ग आणि मलबार येथे सक्तीची धर्मांतरे केली, तोच हा टिपू. नाशिकच्या १७८९ च्या सिंहस्थात शैव गोसावी आणि वैष्णव बैरागी यांच्यात स्नानाच्या मानावरून रक्तपात झाला; तेथे परधर्मीय कोणी नव्हता. आणि १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याबद्दल सत्याग्रहींना मारहाण करणारे, नंतर त्या तळ्याची ‘शुद्धी’ करणारे, हे कोणा परकीय आक्रमकाचे सैन्य नव्हते. औरंगजेबाने १६७९ मध्ये जिझिया पुन्हा लादला हे खरे. परंतु शेकडो वर्षे माणसाला पाणवठ्यावरून हाकलणारी व्यवस्था ही कोणत्या कराहून सौम्य होती?

यावरून काही जण घाईने निष्कर्ष काढतात की, सगळेच धर्म सारखे, तेव्हा कोणी कोणाला बोलू नये. हा निष्कर्ष दिसायला उदार असला तरी तो घातक आहे. जुन्या पापांची यादी आजच्या अन्यायावर पांघरूण घालण्यासाठीही वापरली जाते. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले यांना गाडीत जिवंत जाळण्यात आले. तेव्हा इन्क्विझिशनची आठवण काढणे म्हणजे चिकित्सा नव्हे. ते खुनाचे समर्थन होय. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींत ९०० माणसे मेली. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. त्यांच्यापैकी कोणीही देऊळ पाडले नव्हते किंवा जिझिया वसूल केला नव्हता. इतिहासाचा हिशेब मेलेल्यांशी असतो. न्यायाचा हिशेब जिवंतांशी असतो. आज सत्ता कोणाच्या हाती आहे आणि आज मार कोण खात आहे, हा प्रश्न समाजवाद्याने प्रथम विचारला पाहिजे.

मग टीकेचा अधिकार कोणाला? ज्याने स्वतःच्या घराची झडती घेतली आहे, त्याला. महाराष्ट्रात ही परंपरा समृद्ध आहे. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. दुसऱ्या धर्माकडे बोट न दाखवता त्यांनी आपल्याच बडव्यांच्या दारात ठाण मांडले. हमीद दलवाई यांनी १९६६ साली सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा तोंडी तलाकच्या विरोधात विधानभवनावर नेला आणि १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. बहिष्काराची आणि शिव्याशापांची किंमत त्यांनी मोजली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ च्या नोव्हेंबरात दिल्लीत येऊन आशियात ख्रिस्ती धर्माचे भरघोस पीक येण्याची आकांक्षा बोलून दाखवली, आणि पुढच्या मार्चमध्ये रोम येथे सत्याच्या नावाखाली झालेल्या असहिष्णुतेबद्दल ईश्वराची क्षमाही मागितली. ही क्षमायाचना अपुरी वाटेल, कारण तीत धर्मसंस्थेपेक्षा तिच्या ‘पुत्रांचा’ दोष अधिक सांगितला होता. तरीही धर्मपीठावरून असे शब्द निघणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि इतर पीठांनी तिचे अनुकरण केल्याचे फारसे दिसत नाही.

आणखी एक उदाहरण आपल्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावे. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८५७ च्या आरंभी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशी वाद घातला आणि तो ऐकायला मोठी गर्दी लोटत असे. त्या वादात कोण जिंकले, याची आज कोणाला फिकीर नाही. परंतु त्याच बुवांनी १८६७ साली ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहिला. सर्व जमीन एकत्र कसावी, धान्याचे कोठार गावाचे असावे आणि प्रत्येकाने गरजेप्रमाणे न्यावे, अशी राज्यरचना त्यांनी त्यात मांडली. त्याच वर्षी जर्मनीत मार्क्सच्या ‘भांडवल’ ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. परधर्माशी भांडणारे विष्णुबुवा विस्मृतीत गेले; भाकरीचा प्रश्न विचारणारे विष्णुबुवा टिकले.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे काम स्पष्ट आहे. कोणताही धर्मगुरू परधर्माच्या हिंसेवर व्याख्यान देऊ लागला की त्याला तीन प्रश्न विचारावेत. आपल्या धर्मसंस्थेच्या नावाने झालेल्या जुलमांविषयी आपण आपल्याच अनुयायांपुढे कधी बोललात काय? आपण दोष देता तो त्या काळच्या सत्ताधाऱ्यांना की आजच्या शेजाऱ्याला? आणि या व्याख्यानानंतर गावातील कोणत्या गरिबाच्या ताटात घासभर अन्न वाढणार आहे? उत्तर मिळाले नाही तरी प्रश्न लोकांच्या कानी पडतील, आणि तेवढेही पुष्कळ आहे.

गोराई, मनोरी आणि उत्तन या पट्ट्यात विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रस्ताव आला, तेव्हा गावकरी उभे राहिले ते जमीन आणि मासेमारी यांच्या प्रश्नावर. जाळ्याला धर्म नसतो आणि बुलडोझरलाही नसतो. महात्मा फुल्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच कुटुंबातील माणसांनी आपापल्या विवेकाने वेगवेगळे धर्म स्वीकारले तरी प्रेमाने एकत्र नांदावे, असा विचार त्यांनी त्यात मांडला होता. ज्या घरात असे नांदता येईल, त्या घराला दुसऱ्याच्या पापांची यादी भिंतीवर टांगण्याची गरज पडणार नाही. तसे घर बांधणे हे धर्मगुरूंचे काम नव्हे. ते आपले आहे.