गाडी येईपर्यंत आपले दोन हात
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर आपण तासन्‌तास बोलतो. आज पाच मिनिटे कापूस पिकवणाऱ्याच्या काळजाबद्दल बोलू.

वेचणीत, खळ्यावर किंवा मोटरच्या स्टार्टरपाशी धडधाकट माणूस अचानक कोसळतो. हृदय थांबले की चार-पाच मिनिटांत मेंदू मरू लागतो. १०८ ची गाडी २०१४ पासून आपल्या राज्यात आहे; पण तालुक्याहून शेतात पोचायला तिला याहून जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ माणूस टिकवायचा तो जवळ असणाऱ्यांनीच.

१९६० साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कोवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी दाखवून दिले, की छाती न फाडता नुसती बाहेरून दाबून रक्त फिरते ठेवता येते. त्यांतले कोवेनहोवेन विजेचे इंजिनियर होते. मग आपल्याला का जमू नये?

शॉक लागला असेल तर आधी मेन स्विच बंद करा. खांदे हलवून हाक मारा. ओ देत नाही आणि श्वास नाही किंवा नुसते आचके देतो, तर हृदय थांबले असे धरा. एकाने १०८ लावावा. दुसऱ्याने त्याला बाजेवरून काढून कडक जमिनीवर उताणे निजवावे. छातीच्या मधोमध तळव्याची मनगटाकडची बाजू ठेवा, वर दुसरा हात, कोपरे ताठ. अंगाचा भार टाकून छाती दोन इंच दाबा, पुन्हा पूर्ण वर येऊ द्या. मिनिटाला १०० ते १२० वेळा. शिकलेल्याने ३० दाबांनंतर दोन श्वास द्यावेत. बाकीच्यांनी दाबतच राहावे. फवारणीचे विष असेल तर तोंडाला तोंड लावू नये. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदला.

कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, तोंडात पाणी ओतू नका. बाई आहे म्हणून हात आखडू नका. बरगडी मोडू शकते. मोडलेली बरगडी सांधते, गेलेला माणूस परत येत नाही.

सगळेच वाचतील असे आम्ही म्हणत नाही. काहीच केले नाही तर मात्र जवळजवळ कोणीच वाचत नाही. म्हणून आजची मागणी आपली आपल्याकडेच आहे. प्रत्येक गावातून पाच पुरुष, पाच बायांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांसमोर हे हाताने करून शिकावे. नावे पुढच्या बैठकीला आणावीत.