पाहुण्याचं कडवं

नोकरीच्या निमित्तानं मी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात नऊ वर्षं राहिलो. तिथे मी जे काही शिकलो, त्यातलं बरंचसं एका केस कापायच्या दुकानात शिकलो, असं म्हटलं तर माझ्या तेव्हाच्या साहेबांना वाईट वाटेल. पण खरं तेच आहे.

चार खुर्च्यांचं दुकान. मालक साठीचे, कृष्णवर्णीय गृहस्थ. शनिवारी दुपारी तिथे इतकी गर्दी असे, की नंबर लागायला दीड तास सहज जाई. आणि तो दीड तास वाद चाले. राजकारणावर नाही, बेसबॉलवरही फारसा नाही. रॅपचा सर्वांत चांगला आल्बम कोणता, आणि दुसऱ्याच्या गाण्यात पाहुणा म्हणून येऊन सर्वांत भारी कडवं कोण म्हणून गेला, हा वादाचा विषय.

ज्यांना रॅप म्हणजे नुसती बडबड वाटते, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मलाही तेव्हा तसंच वाटायचं. १९७३ च्या ऑगस्टमध्ये, न्यूयॉर्कच्याच ब्राँक्स भागात, डीजे कूल हर्क या तरुणानं बहिणीसाठी एका इमारतीत पार्टी केली. हिप हॉपचा जन्म तिथला, असं मानतात. तालावर यमकं जुळवत बोलायचं, हा त्याचा गाभा. एक कडवं साधारण सोळा बारचं. म्हणजे चार-चार ठोक्यांची सोळा आवर्तनं. घड्याळ लावलं तर पाऊण मिनिटाच्या आसपास. तेवढ्यात आपलं गाव, आपली गरिबी, आपली ऐट आणि समोरच्याची फजिती, सगळं बसवायचं. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याच्या फडात रात्र जागवलेल्या माणसाला हे परकं वाटू नये.

आता पाहुण्याचं कडवं. गाणं एकाचं, आल्बम त्याचा, नाव त्याचं. मधलं एक कडवं मात्र तो मित्राला देतो. मित्र येतो, पाऊण मिनिट बोलतो आणि जातो. गंमत अशी, की कधी कधी लोक पाहुण्यालाच लक्षात ठेवतात. यजमान आपल्याच घरात मागे पडतो.

माझा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. पुण्याहून आणलेलं, शाळेत मित्र नसलेलं, घरी 'हो', 'नाही' आणि 'माहीत नाही' एवढ्या तीन शब्दांत संसार करणारं पोर. एके दिवशी त्याच्या दप्तरात मला एक सीडी सापडली. वेष्टनावर पालकांसाठी इशारा छापलेला होता. मी दोन मिनिटं ऐकली, कान तापले, आणि सीडी कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. तो काही बोलला नाही. म्हणजे, नेहमीसारखाच बोलला नाही.

त्यानंतरच्या एका शनिवारी मी त्याला केस कापायला घेऊन गेलो. दुकानात वाद रंगात आला होता. नाझ या गायकाचा १९९४ चा 'इल्मॅटिक' श्रेष्ठ, असं मालकांचं म्हणणं. नाझ क्वीन्सब्रिजचा. ही अमेरिकेतली सर्वांत मोठी सरकारी वसाहत. आमच्यापासून फार लांब नव्हती. म्हणजे घरचाच मुलगा. समोरचा गिऱ्हाईक ब्रुकलिनचा होता, त्यामुळे तो जे-झीच्या बाजूचा. तो म्हणाला, "अहो, दहा तुकडे, त्यातला एक नुसती प्रस्तावना, सगळं मिळून चाळीस मिनिटं. याला काय आल्बम म्हणतात?"

मालक हातातली कात्री न थांबवता म्हणाले, "मोठ्या माणसाच्या घरी पाहुणे थोडे असतात. मोजून बघा." आणि त्यांनी मोजून दाखवलं. 'इल्मॅटिक'मध्ये पाहुणा रॅपर एकच. त्याच वर्षीच्या नोटोरियस बी.आय.जी.च्या 'रेडी टू डाय'मध्येही एकच, मेथड मॅन. जे-झीच्या 'द ब्लूप्रिंट'मध्येही पूर्ण कडवं म्हणणारा पाहुणा एकच, एमिनेम.

हा 'द ब्लूप्रिंट' बाजारात आला तो दिवस ११ सप्टेंबर २००१. त्या दिवसाबद्दल मी वेगळं सांगायला नको. पण राखेचा वास शहरातून जाईना, तेव्हा त्या दुकानात लोक आल्बमवर भांडत होते, आणि त्या भांडणाचा मला आधार वाटत होता, हे आज कबूल करतो.

तर मालकांचा सिद्धांत सगळ्यांना पटल्यासारखा झाला, आणि मागून एक आवाज आला, "पण 'द क्रॉनिक'चं काय?"

माझ्या मुलाचा आवाज. कात्री थांबली. मुलगा उभा राहिला होता. म्हणाला, "डॉक्टर ड्रेचा १९९२ चा आल्बम. त्यात स्नूप डॉग जवळजवळ सगळीकडे आहे. तो पाहुणाच ना? त्याला काढलं तर घर उरतं का?" पुढे त्यानं अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टचं नाव घेतलं. १९९१ च्या त्यांच्या 'द लो एंड थिअरी'त शेवटच्या गाण्यात, शेवटच्या कडव्याला बस्टा ऱ्हाइम्स येतो आणि गाणं घेऊन जातो. "यजमानांनी त्याला शेवटी ठेवलं," मुलगा म्हणाला, "म्हणजे त्यांना माहीत होतं."

मालकांनी विचारलं, "मग तुझं आवडतं कडवं कोणतं?"

तो म्हणाला, "'इल्मॅटिक'मधलं एझीचं." ज्या गाण्यात ते आहे, त्याचं शीर्षक आकाशवाणीवर उच्चारणं प्रशस्त नाही. एझी ब्रुकलिनचा, तेव्हा कोणाला ठाऊक नसलेला. त्याचा आवाज ध्वनिमुद्रित झाला तो त्या गाण्यात प्रथमच. त्या एका कडव्यावर त्याला कंपनीचा करार मिळाला आणि पुढच्या वर्षी स्वतःचा आल्बम निघाला. आणि त्याच गाण्याच्या शेवटी जे कॉर्नेट वाजतं, ते वाजवणारे ओलू डारा हे नाझचे वडील. मुलगा म्हणाला, "एका गाण्यात एक मित्र आला, आणि वडील आले."

दुकानात क्षणभर शांतता, आणि मग टाळी. ब्रुकलिनवाल्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. आणि मी? मी त्या खोलीतला एकच माणूस होतो, ज्यानं ती सीडी कुलपात ठेवली होती.

त्या रात्री मी किल्ली दिली. आम्ही दोघांनी ती ऐकली. त्यातल्या शिव्या मला तेव्हा आवडल्या नाहीत, आजही आवडत नाहीत. बायकांबद्दल ज्या भाषेत तिथे बोललं जातं, तिचं समर्थन मी करणार नाही. मुलानंही केलं नाही. तो म्हणाला, "बाबा, मलाही ते खटकतं. पण तुम्ही पुढचं ऐका ना." पुढचं ऐकलं. विशीतला एक मुलगा आपल्या खिडकीतून जे दिसतं ते सांगत होता. तुरुंगातल्या मित्राला पत्र लिहित होता. कुलूप लावून मी काय वाचवत होतो, ते मला कळेना.

त्याच सुमारास नाझ आणि जे-झी यांच्यात उघड भांडण पेटलं. 'द ब्लूप्रिंट'मध्ये जे-झीनं नाझची टर उडवली. त्या डिसेंबरात नाझनं 'ईथर' या गाण्यातून उत्तर दिलं, आणि त्यातला सर्वांत झोंबणारा टोमणा पाहुण्याच्या कडव्याचाच होता: तुझ्याच गाण्यात एमिनेमनं तुला हरवलं! यावर जे-झीनं इतकं खालच्या पातळीवरचं उत्तर दिलं, की त्याच्या आईनंच त्याचा कान धरला आणि त्याला जाहीर माफी मागायला लावली. हॉट ९७ या रेडिओ केंद्रानं श्रोत्यांचा कौल घेतला, तो नाझच्या बाजूनं गेला. आमच्या दुकानात मालकांनी त्या शनिवारी सगळ्यांना कॉफी पाजली.

वर्षं गेली. मुलगा कॉलेजात गेला, आणि दुसऱ्या वर्षी त्यानं मला न विचारता इंजिनिअरिंग सोडून इतिहास घेतला. मी नको ते बोललो. त्यानंही बोलायचं ठेवलं नाही. चार महिने आमचे फोन त्याच्या आईमार्फत होत होते. पुन्हा 'हो', 'नाही' आणि 'माहीत नाही'.

दरम्यान २००५ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या एका कार्यक्रमात जे-झीनं नाझला मंचावर बोलावून भांडण मिटवलं होतं. जे-झी तेव्हा डेफ जॅम या कंपनीचा अध्यक्ष होता. पुढच्या वर्षी नाझ त्याच कंपनीत आला. २००६ च्या डिसेंबरात नाझचा 'हिप हॉप इज डेड' निघाला, आणि त्यातल्या एका गाण्यात पाहुणा होता खुद्द जे-झी. ज्याला पाहुण्यावरून हिणवलं, त्यालाच पाहुणा म्हणून बोलावलं.

त्या नाताळच्या सुटीत मुलगा घरी आला. जेवण झालं. मी हॉलमध्ये वर्तमानपत्र धरून बसलो होतो; वाचत नव्हतो. तो शेजारी येऊन बसला आणि काही न बोलता कानातली एक गोळी माझ्या हातावर ठेवली. दुसरी त्याच्या कानात होती. गाणं संपल्यावर त्यानं विचारलं, "बाबा, कोणाचं कडवं सरस?"

मी म्हणालो, "पुन्हा लाव."

आज तो अडतीस वर्षांचा आहे आणि तिकडेच इतिहास शिकवतो. त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. दर रविवारी फोनवर तो विचारतो, मी टाळतो, आणि मग आमचा वाद तासभर चालतो. उत्तर दिलं, तर बोलायचं कशावर?